निवळीच्या घाटातली कातीण

भाऊ, गेल्या महिन्यात निवळीचा घाट चढताना माझ्या गाडीत कातीण निघाली. तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात बोलणं चाललंय, ते आज कागदावर घेते. कातीण म्हटलेलं आता आमच्या ऑफिसात पोरींना कळत नाही, कोळी म्हणावं लागतं, आणि रत्नागिरीत नुसतं कोळी म्हटलं की माणसं आधी मासळीचं विचारतात. तुम्ही मात्र कातीणच म्हणायचात, तेही अगदी हळू, जणू ती भिंतीवरून ऐकते आहे. तुम्ही माझे वडील, पण अख्खी वाडी तुम्हाला भाऊ म्हणायची म्हणून मीही भाऊच म्हणत आले. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझी मुलगी सातवीत आहे आणि मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याच्या रसाच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. माणसं मला धीट समजतात. हे बोटीवर असतात, वर्षातले जेमतेम चार महिने घरी, त्यामुळे गॅसच्या सिलिंडरपासून गाडीपर्यंत सगळं मीच बघते. घरात कातीण दिसली तर शेजारच्या वहिनींना बोलावते, तेवढं सोडून.

आम्ही दोघी मायलेकी संगमेश्वराकडून, माझ्या सासरहून परत येत होतो. आठवडाभर गाडी फणसाखाली उभी होती, आत तापू नये म्हणून काचा बोटभर उघड्या ठेवलेल्या. बावनदीचा पूल ओलांडला, घाट सुरू झाला. एका वळणावर ऊन थेट डोळ्यांवर आलं म्हणून मी काचेवरची उन्हाची पट्टी खाली ओढली, आणि ती माझ्या बोटांवरून पलीकडे गेली. पाय धरून माझ्या तळहाताएवढी. चपटी, तपकिरी, आणि पोटाखाली पांढरी गोल चकती घट्ट धरलेली, कोटाच्या बटणाएवढी. काचेवर आली आणि थांबली. तिच्या आरपार मला समोरचा रस्ता बघायचा होता. मागे खडीचा डंपर होता, डाव्या हाताला नुकतीच खोदलेली दरड आणि उजवीकडून वरून येणाऱ्या गाड्यांची रांग. थांबायला जागा नव्हती. मी ओरडले नाही, कारण तोंडातून आवाजच निघेना. हात स्टिअरिंगवर होते, पण ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. ती काचेवरून खाली उतरली, स्टिअरिंगच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली. आणि माझ्या जिभेवर तुमचं वाक्य आलं. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीला मी ते सांगणार होते.

तुम्ही ते मला याच घाटात सांगितलं होतं. हातखंब्याच्या तिठ्यावरून तुमची जीप माणसं भरून संगमेश्वरपर्यंत वडाप करायची, आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी हट्टाने पुढे तुमच्याशेजारी बसायची. भर वैशाखातही तुमच्या डोक्याला मफलर असायचा, कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेला. पॅसेंजर चेष्टा करायचे, "भाऊंना काय काश्मिरात जायचंय?" तुम्ही हसायचात. त्या दिवशी मागे सात-आठ माणसं कोंबलेली. घाट उतरायला लागलो आणि वरच्या ताडपत्रीच्या घडीतून एक कातीण सुटून तुमच्या खांद्यावर पडली. मी किंचाळले. तुम्ही एवढ्या जोरात "गप!" म्हणालात की मागची माणसंही गप्प झाली. मग तुमचा आवाज एकदम खाली आला. "बाय, तू तिच्याकडं बघ. मी रस्त्याकडं बघतंय. कुठं जाते सांग फक्त."

मी बघते आहे. तुमच्या शर्टाच्या कॉलरवर तिचे पुढचे दोन पाय आहेत, काहीतरी चाचपून बघितल्यासारखे हलताहेत. तुमच्या कानशिलावरून घामाची धार उतरते आहे. तुम्ही विचारता, "आता कुठाय?" "कॉलरवर." "आता?" "मानेवर नाय आली. मफलरवर चढली, भाऊ." वळण येतं, तुम्ही गिअर बदलता, समोरून आलेल्या ट्रकला जागा देता. "आता?" मला सांगवत नाही. "आता कुठाय गो, सांग!" "कानाकडं चाललीय." तेव्हा तुमच्या घशातून जो आवाज आला तसा मी माणसाच्या घशातून नंतर कधी ऐकला नाही. पण जीप वळणावर जशी वळायला हवी तशीच वळली. मागची एक म्हातारी विचारत होती, "काय झालं गो पोरी, जनावर आहे काय?" जनावर म्हणजे तिला साप म्हणायचं होतं. मी नाही, कातीण आहे म्हटलं तर ती हसली. कातीणच ना, ती काय करते माणसाला!

बावनदीच्या पुलाअलीकडे तुम्ही जीप बाजूला घेतलीत, ब्रेक लावलात, किल्ली काढलीत, आणि मगच खाली उडी मारलीत. मफलर ओरबाडून काढला आणि नदीत फेकला. माणसं खोखो हसत होती. तुम्ही जीपच्या मागे जाऊन ओकलात. परत आल्यावर माझ्यासमोर उभं राहून म्हणालात, "गाडीत परत किंचाळलीस तर घरीच ठेवीन. सात माणसांचा जीव होता." मला रडू फुटलं. मी तर तुम्ही सांगितलं तेच केलं होतं, सगळा घाटभर तिच्याकडे बघत बसले होते, डोळे मिटायची केवढी इच्छा होत असताना.

मग तुम्ही मला टपरीवर नेलंत, बाकाच्या टोकाला बसवलंत, वडा घेऊन दिलात आणि तुमच्या चहाला हात न लावता सांगितलंत. तुम्ही माझ्याएवढे असताना माडीवर पेंढ्यात झोपला होतात. एक बारकी कातीण कानात शिरली. "पायांचा आवाज येत होता, बाय. आत. पत्र्यावर पाऊस पडतो ना, तसा मोठा." तुमच्या आईने कोमट खोबरेल ओतलं. आवाज थांबला. "मग बाहेर आली?" मी विचारलं. तुम्ही नदीकडे बघत म्हणालात, "तेल बाहेर आलं. ती आलेली मी तरी बघितली नाही. कोणाला विचारलं तर म्हणायचे, आली असंल." आणि मग म्हणालात, "तुझ्या आयशीला सांगू नको हां. हसंल."

भाऊ, तुम्ही मला ते सांगायला नको होतं. मोठ्या माणसाला कुणाला तरी सांगावंसं वाटतं, हे आता मला कळतं, पण मी दहा वर्षांची होते. त्या आधी मला कातीण म्हणजे नुसती किळस होती. त्यानंतर रोज अंथरुणावर पडलं की मी कान देऊन आत ऐकायची. माझ्याच रक्ताचा ठोका मला पायांसारखा वाटायचा. मी झोपत नाही हे आधी तुमच्या लक्षात आलं. तेव्हापासून मी झोपण्याआधी तुम्ही बॅटरी घेऊन यायचात, मच्छरदाणीचे चारी कोपरे, उशीच्या खोळीच्या आतली बाजू, गादीखालची फळी, सगळं बघायचात. आईला वाटायचं, केवढं कौतुक लेकीचं. मला दिसायचं की भिंतीवरचा प्रकाश एका जागी ठरत नाहीये. एकदा खरोखरच निघाली, फळीच्या सांध्यात. तुम्ही दोन पावलं मागे गेलात, डोळे गच्च मिटलेत, उघडलेत, आणि शर्ट काढून त्यात तिला धरून बाहेर नेलंत. परत येऊन खाटेच्या कडेला बसलात. मी तुमच्या पाठीवर हात ठेवला तर ती भिजलेली होती.

आणि तुम्ही गेलात तो दिवस. छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत सगळं संपलं. ओटीवर तुम्हाला ठेवलं होतं, काकांनी कापसाचे बोळे आणले, नाकात घातले, मग कानात घालायला वाकले. माझ्या ओठांवर आलं होतं, कानात नका घालू, ती आत असेल तर तिला बाहेर येऊ दे. शास्त्र शिकणारी मुलगी होते मी. चाळीस वर्षांपूर्वीची कातीण कानात जिवंत राहत नाही हे मला कळत होतं. तरी काकांचं बोट तुमच्या कानाशी गेलं तेव्हा मी उठून परसात पळाले. सगळ्यांना वाटलं, दुःखाने.

तर निवळीच्या चढावर, ती स्टिअरिंगमागे गेल्यावर, "तू तिच्याकडे बघ" हे माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. मुलीला म्हटलं, "डोळे मीट. गच्च मीट आणि मी सांगेपर्यंत उघडू नको." ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "सांगते ते ऐक." मग मी रस्ता बघत राहिले आणि ती कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. गुडघ्यावर काही हुळहुळलं की तीच. मानेवर केस हलला की तीच. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय मला उचलून घ्यावासा वाटत होता, कारण ती तिथे खालीच कुठेतरी होती. तेवढ्यात माझी मुलगी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मम्मी, ती तुझ्या डाव्या हातावर येतेय. हलू नको. तिच्याकडे अंडी आहेत." तिने डोळे मिटलेच नव्हते. मी म्हटलं, "तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "तिला वाटतेय ना. बघ, कशी पळतेय." मनगटाच्या आतल्या बाजूवर, जिथे नाडी बघतात तिथे, मला ते पाय लागले. हलके, कोरडे. मी गाडी तशीच धरून ठेवली. कशी धरली ते मला माहीत नाही. डंपरवाला हॉर्न वाजवत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, मला समोरचा रस्ता तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. मग पाय गेले. "कुठे गेली?" "सीटच्या खाली."

निवळीच्या तिठ्यावर मी गाडी लावली आणि बाहेर पडले. चारी दारं उघडली. पायपुसणी काढली, सामान काढलं, मुलीने मोबाईलच्या उजेडात सीटखाली बघितलं. कातीण नव्हतीच. नारळपाणीवाला येऊन बघून गेला, म्हणाला, "गेली असंल बाहेर." तुमच्या वेळचंच उत्तर. घरी तर जायचं होतं. शेवटी मी सलवारचे पाय मोज्यात खोचले, ओढणी कानांवरून घट्ट बांधली आणि गाडीत बसले. आरशात बघितलं तर तुम्हीच बसला होतात, मफलर बांधून.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, तू एवढी का घाबरतेस. मी तिला जीपचं सांगितलं. कानाचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिने एवढे प्रश्न विचारले की तेही सांगितलं. मला धास्ती वाटत होती की आता हिची झोप गेली. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग आजोबांनी कानाच्या डॉक्टरला का नाही दाखवलं?" मला हसू आलं. खरंच, भाऊ, का नाही दाखवलंत? बहुतेक डॉक्टर "आत काही नाही" म्हणेल याची भीती नव्हती, "आहे" म्हणेल याची होती.

तीन आठवडे गाडी अंगणात तशीच उभी होती. मी वसाहतीपर्यंत रिक्षाने जात होते. मग एका रविवारी सकाळी मुलगी धावत आत आली, "मम्मी, चल, बघ तरी." मी खिडकीपर्यंत गेले, त्यापुढे नाही. काचेला आतून धुळीसारखं काही लागलं होतं आणि ती धूळ चालत होती. शेकडो. माझ्या अंगावर काटा आला तो पायापर्यंत गेला. मी तिला ओरडून सांगत होते, हात लावू नको, मागे हो, आणि तिने सरळ जाऊन एकेक करून चारी दारं उघडली. उन्हात त्यांचे धागे दिसायला लागले. वाऱ्याबरोबर एकेक पिल्लू सुटत होतं, कुंपणावर, माडाच्या झावळीवर, वहिनींच्या वाळत घातलेल्या साडीवर. मुलगी मधोमध उभी होती, केसांत तीन-चार बसलेली. मी खिडकीचे गज धरून बघत राहिले, डोळे न मिटता, कारण ती तिथे उभी होती. तिला काही वाटत नव्हतं. माझी भीती तिच्यापर्यंत पोचलेली नाही एवढं मात्र मी त्या दिवशी बघितलं. दुपारपर्यंत गाडी रिकामी झाली. मोठी कातीण कुठेच दिसली नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे खरं तेच लिहिते. ऑफिसात मी सांगितलंय की गाडीची बॅटरी गेलीय. यांनाही फोनवर तेच सांगितलं, ते बिचारे बोटीवरून मेकॅनिकचे नंबर पाठवताहेत. आज सुट्टी होती म्हणून सकाळी किल्ली घेऊन अंगणात गेले, गाडीच्या दाराच्या मुठीला हात लावला आणि परत आत आले. मग काहीतरी करायला हवं म्हणून हे लिहायला बसले.