मशीन चालू राहावी म्हणून

१२ एप्रिल, अकोला
हे दवाखान्यातून घरी आले. सोबत ऑक्सिजनची मशीन. रात्रंदिवस नळी नाकात. जिनिंगमध्ये जन्म गेला, कापसाची धूळ छातीत बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाले, बरं होणं नाही, आता आहे तसं टिकवायचं. मशीन विजेवर चालते. लाईन गेली तर काय, विचारलं. म्हणाले, इन्व्हर्टर पाहिजे.
आहे. जुना.

१४ एप्रिल
दु. लाईन गेली. इन्व्हर्टर तासभरही टिकला नाही. मशीन शिट्टी मारत बंद. लाईन येईस्तोवर ह्यांना पुढं वाकवून बसवलं, पाठीवर हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार.
सं. वायरमनला बोलावलं. फ्रिज, टीव्ही, पंखे, ट्यूब सगळं इन्व्हर्टरवरच होतं. म्हणाला, मशीनसाठी उरते काय? सगळं काढायला लावलं. आता त्याच्यावर मशीन आणि ह्यांच्या खाटेजवळचा एक पंखा.

१७ एप्रिल
वर्षानं अमरावतीहून व्हिडिओ पाठवला. घरच्या घरी वीज वाचवण्याचे सोपे उपाय. दिवसा दिवे लावू नका, खिडकीतून उजेड घ्या. इथं मी खिडक्यांना ओली पोती बांधून बसले आहे. उजेड घेतला की ऊन येतं.
लेक जीव तोडून पाठवते. तिलाही दुसरं काय करता येतं. बघितला म्हणून कळवलं.

२० एप्रिल
पहाटे उठून स्लॅबवर चुना मारला. गुडघे गेले. खोलीत थोडा फरक वाटतो. की मलाच वाटून घ्यायचंय.
स्वयंपाक सकाळीच उरकते, मग घरात शेगडी पेटवायची नाही. फ्रिज बंदच करून टाकला. पाणी माठातलं. दूध तीनदा तापवूनही काल नासलं.
हे बघत असतात. बोलत नाहीत. बोललं की धाप लागते.

२५ एप्रिल
ऊन फार. आता रोज दु. लाईन जाते. आमच्या गल्लीच्या डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, लोड झेपत नाही म्हणतात. गल्लीत घरोघरी एसी लागले.
आज उन्हातच घरोघर गेले. म्हटलं, दुपारी दोन तास एसी बंद ठेवा, पंखा लावा, आमच्या घरी मशीनवर माणूस आहे. सगळे हो म्हणाले. एका घरी सरबत दिलं. बसायलाही एसीतच बसवलं.
घरी पोचते न पोचते तोच लाईन गेली.
समोरच्या शोभाताईंनी तेवढा कूलर बंद ठेवला. दारात बसून पदरानं वारा घेत होत्या. त्यांच्याकडे बघवेना. एका कूलरनं काय होतं.

२९ एप्रिल
वर्षाचा फोन. बाबाले इकडं घेऊन ये, म्हणते. तिच्याकडे लाईन फारशी जात नाही. ह्यांच्या कानाशी फोन धरला. म्हणाले, "जावयाच्या घरी खाटेवर पडाले येऊ का मी?" पुढं खोकला आला. वर्षा तिकडे रडत होती. फोन काढून घेतला.

३ मे
हे लिहू नये असं वाटतं, पण.
दु. लाईन गेली तेव्हा मी मोरीत धुणं धूत होते. बाहेर आले तर घर एकदम शांत. मशीन बंद, नळी उशीवर. हे भिंतीला टेकून बसलेले, ओठ निळसर. बॅटरी संपली समजून धावले. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा तर जळत होता.
मशीन लावली. श्वास ताळ्यावर आल्यावर विचारलं, काहून बंद केली?
"रात्रीले लागते ना. दुपारी बसून काढतो मी. जमते."
किती दिवसांपासून, विचारलं. नाकातली नळी नीट करू लागले.
म्हणजे मी चुना मारत होते, फ्रिज बंद करत होते, तेव्हा हेही आपल्या परीनं वाचवतच होते.
जेवले नाही.

४ मे
ह्यांच्याकडून शपथ घ्यायला गेले. म्हणाले, "तू पंखाबी घेत नाईस. मीच काहून सगळं घेऊ?"
आज पंखा घेतला. ह्यांच्यासमोर बसून. एक घास गिळावा तसा.

८ मे
डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, मशीन एक मिनिटही बंद नको, उलट मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा वाढवा. ऑक्सिजनचा सिलिंडर मी दुकानात सांगून ठेवला आहे. या आठवड्यात मिळेल म्हणतात. मागच्या आठवड्यातही असंच म्हणाले होते.
मी आता मोरीत गेले तरी दार उघडं ठेवते.

११ मे
सकाळीच डीपी जळाली. मोठा आवाज झाला, मग गल्लीभर धूर. बदलायला संध्याकाळ होईल की उद्या, कोणी सांगत नाही. ज्यांच्याकडे एसी ते गाड्या काढून नातेवाइकांकडे गेले. शोभाताई तेवढ्या राहिल्या. ओला टॉवेल आणून ह्यांच्या पायावर टाकला आणि नुसत्या बसल्या.
ह्यांचा पंखाही काढला. इन्व्हर्टरवर फक्त मशीन.
वर्षा जावयाची गाडी घेऊन निघाली आहे. सिलिंडर तिकडूनच कुठून तरी मिळवला. ह्यांना सांगितलं, आता अमरावतीला जावं लागते. नाही म्हणाले नाहीत. होही नाही.

दु.
वर्षाचा फोन, मूर्तिजापूरपाशी रस्त्याचं काम चालू आहे, गाड्या अडकल्या. इन्व्हर्टरचा दिवा हिरव्याचा लाल झाला.
हे काहीतरी म्हणाले. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. कान तोंडाशी नेला.
"बंद कर वं. तुह्या संगं बोलतो म्हटलं जरा."
नंतर बोलू म्हटलं, वर्षा येऊ द्या. त्यांनी मान वळवली आणि हात मशीनकडे नेला. मी धरला. सोडवून घेण्याइतकी ताकद त्यांच्यात नाही.
एका हातानं लिहिते आहे. दुसरा बटणावर ठेवला आहे, त्यांनी दाबू नये म्हणून.