आईनं पुसलेली भिंत

सर,

शाळेचे जुने मुख्याध्यापक म्हणून तुमचा फोटो लावणार आहेत. शाळेतून फोन आला होता. नवीन सभागृहात, दारासमोरच्या भिंतीवर, आणि त्यावरचा पडदा मी बाजूला करायचा, कारण आपल्या आश्रमशाळेतून बाहेरदेशी जाऊन शिकून आलेली मी पहिली. घरातली पहिली पदवीधर तर मी त्याआधीच झाले होते. ‘सरांविषयी दोन शब्द लिहून आणा,’ असं त्यांनी सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. फार आनंदानं म्हटलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे. आई पुढच्या पेरणीचं बी राखेत घालून ठेवते, कीड लागू नये म्हणून. तसा मी तो ठेवला आहे.

शाळेच्या स्वयंपाकघरातली चुलीसमोरची भिंत तुम्हाला आठवते का? आई तिथे स्वयंपाकीण होती आणि मी चौथीत होते. नवं धान घरात आलं की आमच्या टोल्यातल्या, म्हणजे पाड्यावरच्या, बाया भिंतीवर चित्र काढतात. पांढरी माती, गेरू आणि चुलीची काजळी, एवढंच लागतं. चित्र पूर्ण झालं की पाहणाऱ्यानं त्याला तळहात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. हात न लागलेलं चित्र उपाशी राहतं, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून ते वर्षभरात हातांनीच झिजून जातं आणि पुढच्या वर्षी नवं येतं. त्या वर्षी आईला सुट्टी मिळाली नाही, टोल्यात जाता आलं नाही, म्हणून तिनं ते शाळेच्या भिंतीवर काढलं. मोहाचं झाड, दोन मोर, हात धरून नाचणाऱ्या बाया, आणि खाली कोपऱ्यात ताटं घेऊन रांगेत उभ्या आम्ही मुली. त्या रांगेत मी होते. मला दोन वेण्या काढल्या होत्या. चार दिवस जेवायला येणारी प्रत्येक मुलगी भिंतीला हात लावूनच पुढे सरकत होती.

पाचव्या दिवशी तुम्ही आलात. दुसऱ्या दिवशी तपासणी होती.

“हे कोणी केलं?”

“म्या काढलं, सर. नवं धान आलं न, म्हणून.”

“ही शाळा आहे, बाई. तुमचा टोला नाही. कळत नाही का? पुसा. आत्ता, माझ्यासमोर.”

चुलीवर वरण होतं. “वरण लागन, सर, एवढं उतरवून ठेवतो,” असं आई म्हणाली, आणि तुम्ही तिला तेवढंही करू दिलं नाही. आम्ही साठ-सत्तर मुली ताटं घेऊन बघत आहोत, वरण करपल्याचा वास येतो आहे, आणि आई भिंतीपाशी उभी आहे. तिनं आधी तळहात चित्रावर ठेवला, कपाळाला नेला, मग ओलं गोणपाट उचललं. आमची रांग तिनं सगळ्यात शेवटी पुसली. त्या दिवशी आम्ही करपलेलं वरण खाल्लं, आणि वरण करपवलं म्हणून तुम्ही तिला लेखी नोटीस दिलीत. ती तिला वाचता येत नव्हती. मीच वाचून दाखवली, तुम्ही शिकवलेल्या स्पष्ट उच्चारात.

मग तुम्ही आलापल्लीहून पेंटर आणला. त्यानं त्या भिंतीवर दोन डोंगर, उगवता सूर्य, नदी आणि नारळाचं झाड काढलं. नारळाचं झाड आमच्यातल्या एकीनंही पाहिलेलं नव्हतं. त्याच वर्षी चित्रकलेच्या स्पर्धेत मी ते झाड हुबेहूब काढलं, सूर्यासकट. तुम्ही मला रंगांची पेटी दिलीत, डोक्यावर हात ठेवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, “शाबास. आईवर गेली नाहीस.” सगळ्या हसल्या. आई दारात उभी होती, हातात झारा होता. मी पेटी घेतली, सर. घेतली आणि तुम्हाला नमस्कारही केला.

यंदा शिक्षण संपत आलं तेव्हा मी आईला आठ दिवसांसाठी तिकडे बोलावून घेतलं. नेदरलँड्समधलं शहर, गल्लीगल्लीतून कालवे. पहिल्या दिवशी पुलावर उभं राहून तिनं चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, “एवढं पाणी, अन् धान कुठीच नाई? काय खातेत हे लोकं?” तिकडे गेलेली माणसं आईबापांना फुलांच्या बागा दाखवतात, बोटीत बसवतात. मी तिला चित्रांच्या संग्रहालयात नेलं. एकात नाही, चार दिवसांत चार. तिला आवडेल की नाही, हे मी विचारलंही नाही, कारण मी तिला तुमच्यासाठी नेत होते. मला तुम्हाला काहीतरी दाखवायचं होतं.

आणि ते मला पहिल्याच दिवशी सापडलं. राजवाड्यासारखी इमारत, उंच छत, आणि सोनेरी चौकटीत, सर, स्वयंपाकघर. चूल, तांब्याची भांडी, खाली सांडलेल्या भाज्या, आणि मांडीवर परात घेऊन मासा साफ करत बसलेली एक बाई. लुगड्यावर माझा कोट घातलेली, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली माझी आई त्यासमोर खूप वेळ उभी राहिली.

“पोरी, हे बाई उलटी खवले काढून राह्यली.”

“म्हणजे?”

“डोक्याकडून शेपटीकडे चाकू नेऊन राह्यली न. असे निघतेत काय? काढणाऱ्यानं जन्मात मासा साफ केला नसन. बायकोनं आयता खाऊ घातला असन.”

मी मोठ्यानं हसले. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं, आई काय म्हणते आहे, असं विचारलं. मी सांगितलं. ती चष्मा सावरून पुढे वाकली, चाकू पाहिला, आणि म्हणाली की इतकी वर्षं ती हे चित्र बघायला येते, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. मग तिनं आईला मान झुकवून नमस्कार केला. त्या वेळी मी तुम्हाला त्या दालनात उभं केलं, सर. हातात ओलं गोणपाट दिलं. म्हटलं, पुसा. हे स्वयंपाकघर आहे, माशाची आतडी आहेत, तपासणी उद्यावर आली आहे, पुसा आत्ता. तुम्ही तसेच उभे राहिलात. पुढचे दोन दिवस मी तुम्हाला दालनादालनातून फिरवलं. इतकं सुख मला पदवी घेतानाही मिळालं नव्हतं.

चौथ्या दिवशीचं संग्रहालय लहान होतं. शेवटच्या खोलीत कापणीचं चित्र होतं. पिवळं शेत, आणि कडेला हात धरून नाचणाऱ्या पाच बाया. आई त्याच्या अगदी जवळ गेली. नवं धान्य घरात येण्याचे दिवस तिला चित्रात ओळखू आले असावेत. तिनं कोटाची बाही मागे सारली आणि तळहात पुढे केला. भिंतीवरच्या चित्राला आयुष्यभर जे केलं, ते करायला.

“हात लावू नको, बाई. कळत नाही का?”

हे मी म्हटलं, सर. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. आईला मी कधी बाई म्हटलेलं नाही. शब्द तुमचे होते, मधे थांबणंही तुमचंच होतं. कोपऱ्यातला रखवालदार तर खुर्चीतून उठलासुद्धा नव्हता. त्यानं हसून नुसतं बोट हलवलं होतं. आईनं हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला. त्यानंतर बाहेर पडेपर्यंत तो हात बाहेर आला नाही. बाकावर बसल्यावर ती एवढंच म्हणाली, “ते चित्र उपाशीच राह्यलं.”

आता आम्ही परत आलो आहोत. तुमच्यासाठीचं भाषण मी लिहून काढलं आहे. त्यात करपलेलं वरण आहे, नोटीस आहे, ‘आईवर गेली नाहीस’ आहे. शनिवारी तुमचा मुलगा पहिल्या रांगेत बसलेला असेल, तरी मी एक शब्द गाळणार नाही. मी शाळेला एक अटही घातली आहे: तुमच्या फोटोभोवतीची भिंत आई रंगवेल. त्यांना वाटलं, सरांचा सन्मान. ते आनंदानं तयार झाले. मुली जाता-येता मोराला हात लावतील, मोहाच्या झाडाला लावतील, आणि तुम्ही मधोमध नुसते बघत राहाल. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “सर त काचेत राह्यतीन. त्याहिले कोण हात लावन? उपाशीच राह्यतीन बिचारे.” तिनं बिचारे म्हटलं. मी म्हणणार नाही.

काल तिला सगळं भाषण वाचून दाखवलं. ती सुपात तांदूळ निवडत होती.

“वरण लागलं होतं, ते लिहिलं काय?”

“लिहिलं.”

“अन् तू मले त्या चित्रापाशी काय म्हटली, ते?”

मी पानं नीट जुळवली. तिनं सूप हलवलं, एक खडा काढून बाजूला टाकला.

“तेबी सांगजो,” ती म्हणाली. “मंग ओढजो पडदा.”

भाषणाची चार पानं टेबलावर आहेत. ते वाक्य त्यात अजून घातलेलं नाही. ते मी फक्त इथे लिहिलं आहे, तुम्हाला, कारण हे तुम्ही वाचणार नाही.