शेगडीवरचं लाल नळकांडं

॥ श्री ॥

लातूर,
२० नोव्हेंबर २०२३

चि. किशनराव यास साखराआक्काचे अनेक आशीर्वाद.

तू देगलूरला सुखरूप पोचल्याचं हरिओमने सांगितलं. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की माझ्या खानावळीत जेवणाऱ्या पोरी घास हातात धरून बघत बसतात. म्हणून आपलं पत्रच बरं.

भाऊबीजेची गोष्ट मात्र मी विसरायची नाही. सगळ्या जगाचे भाऊ ओवाळणीत साडी घालतात, माझ्या भावाने आग विझवायचं लाल नळकांडं ठेवलं! शेजारच्या उमाबाईला दाखवलं तर ती म्हणाली की भावाला बहिणीचा स्वभाव चांगलाच ठाऊक दिसतो. मी पण हसले, काय करणार.

तुझी आरती हरिओमची बायको, माझी सून होऊन आली त्याला आता वर्ष होईल. मामाच्या पोरीला सून करून आणली की घरचं माणूस घरातच राहतं, असं आपली आई म्हणायची ते खोटं नाही. पुऱ्या ती माझ्यापेक्षा गोल लाटते, पण हे तिला कळवू नकोस, डोक्यावर बसेल. नळकांडं हरिओमने शेगडीच्या वर, देवाच्या फळीला लागून टांगलंय. आगीचा राखणदार आगीपाशीच हवा, नाही का?

इकडचं सगळं ठीक. साडीची आठवण ठेव आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का


देगलूर,
५ डिसेंबर २०२३

ती. स्व. आक्काच्या चरणी किशनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो, पण शेवटी शेवटी हसू पळालं. आक्का, ते नळकांडं शेगडीच्या वरून आधी काढ. आग लागली तर ते घ्यायला आगीवरून हात न्यावा लागेल. मी जिनिंगमध्ये जन्म काढला, कापसाच्या गंज्या पेटताना पाहिल्यात. आमच्याकडे असली सगळी नळकांडी दाराशी असायची, म्हणजे माणसाची पाठ बाहेरच्या वाटेकडे राहते आणि नाहीच जमलं तर पळता येतं.

आरतीला मी लहानपणापासून सांगत आलोय, तूही ऐक. आधी गॅस बंद करायचा. कढईतलं तेल पेटलं तर झाकण ठेवायचं, पाणी चुकूनसुद्धा टाकायचं नाही. झाकणाने भागलं नाही तरच नळकांडं. पिन ओढायची, लांब उभं राहायचं, अगदी जवळून तेलावर फवारा मारला तर पेटलेलं तेलच अंगावर येतं. वरचा काटा हिरव्यात आहे ना, तेही अधूनमधून बघत जा. आणि एकदा आरतीकडून पिन काढून-घालून घे, हाताला सवय पाहिजे.

साडी संक्रांतीला पाठवतो. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
किशन


॥ श्री ॥

लातूर,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. किशनराव यास अनेक आशीर्वाद.

दसरा चांगला झाला. खंडेनवमीला खानावळीतलं सगळं पुजलं. विळी, पाटा, मिक्सर, मोठी कढई, आणि तुझं नळकांडंसुद्धा. शेवटी तेही हत्यारच की! त्याला हळद-कुंकू वाहिलं, दांड्याला आणि त्या पिनेला दोऱ्याचे चांगले वेढे घालून गाठ मारली, आपट्याचं पान खोचलं. असं छान दिसतंय की पोरींनी फोटो काढले.

तुझी लेक मात्र तुझ्यावरच गेलीय. पिन काढून बघू का म्हणून मागे लागली होती. मी दटावलं. उगाच फुस्स झालं तर सगळा स्वयंपाक पांढरा. आणि पूजेचा दोरा आपण तोडायचा नसतो, आपोआप गळून पडेल तेव्हा पडेल. म्हटलं, मी सांगेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आता हू की चू करत नाही. दाराशी टांगायचं मनात होतं, पण पोरींची दप्तरं अडकतात, म्हणून राहिलं.

सोयाबीन निघालं का? उत्तर पाठव, नाहीतर मी रुसेन.

तुझी,
आक्का


देगलूर,
२२ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आक्कास सा. न.

घाईत कार्ड टाकतोय, सोयाबीनची रास चालू आहे. तो दोरा आजच्या आज काढ. देव रागावणार नाही, रागावला तर माझं नाव सांग. बाकी मागाहून लिहितो.

किशन


॥ श्री ॥

लातूर,
८ फेब्रुवारी २०२५

चि. किशनराव यास आशीर्वाद.

तू दवाखान्यातून आरतीला परस्पर देगलूरला घेऊन गेलास. मला एका शब्दाने बोलला नाहीस, घरी येऊन पाणीसुद्धा प्यायला नाहीस. पाठच्या भावाने असं वागावं, याचं मला लई लागलं.

काय झालं ते तुला नीट कळावं म्हणून लिहिते. सव्वीस जानेवारीचं पोरींना श्रीखंड-पुरीचं जेवण होतं. तेल तापत ठेवून आरती फोन बघत बसली. कढई पेटली. नळकांडं दिलंस त्याचा काय उपयोग, तिला ते चालवताच आलं नाही, नुसती दोरा चाचपत राहिली. तेवढ्यात कुणीतरी पाणी टाकलं आणि भडका उडाला. हाताला लागलं, गालाला लागलं, मलाही वाईट वाटतंच की. पण मी जन्मभर चुलीपुढे बसले, माझा केस जळला नाही. आजकालच्या पोरींचं ध्यान ठिकाणावर नसतं, हे मी चार जणांत बोलले तर त्यात खोटं काय?

तिची तब्येत कळव. माझ्यावरचा राग पोटात ठेवू नकोस.

आक्का


देगलूर,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास नमस्कार.

"कुणीतरी" म्हणजे कोण, आक्का? तुझी केवळाबाई दवाखान्यात माझ्याजवळ रडली. ती तुझ्याकडे भाकरी थापते म्हणून तिला काही बोलू नकोस, मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. तेल तू तापत ठेवलंस आणि गॅस मोठा करून बाहेर वाढायला गेलीस. आरती पाठमोरी बसून कणीक मळत होती, फोन आतल्या खोलीत होता. तिने आधी गॅस बंद केला. झाकण हाताशी नव्हतं, म्हणून त्या जाळावरून हात घालून नळकांडं काढलं, तर पिनेवर तुझे वेढे. गाठ सुटेना म्हणून तिने ते खाली ठेवलं, झाकण शोधून आणलं आणि ते कढईवर टेकवणार, तेवढ्यात तू कळशी रिकामी केलीस.

माझ्या पोरीने एकही चूक केली नाही. एकही नाही. आणि तू तिची गल्लीभर बदनामी करून राहिलीस! उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत तिची. डॉक्टर म्हणतात, बघू. आरशासमोर उभी राहत नाही. आपण एका ताटात जेवलो, आक्का, आणि आज तुझं अक्षर बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आधी चार जणांत खरं सांग. मग माझ्याकडून लोभाची अपेक्षा कर.

किशन


॥ श्री ॥

लातूर,
१० मार्च २०२५

चि. किशनराव यास आशीर्वाद.

हाव, पाणी मीच टाकलं. झालं तुझं समाधान? जाळ बघून घाबरले, समोरची कळशी उचलली. मी काय मुद्दाम टाकलं?

पण हे वेशीवर टांगून कुणाचं भलं आहे? पोरींचे आईबाप विश्वासाने लेकी माझ्याकडे जेवायला पाठवतात. म्हातारीने पेटत्या तेलात पाणी ओतलं हे कळलं तर उद्या एक ताट लागणार नाही. आरती तरुण आहे. तरुण पोरीच्या हातून चूक झाली म्हटलं की लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. तिच्या नावावर राहिलं तर काय बिघडतं? घर तिचंच आहे ना?

पाडव्याला हरिओम न्यायला येईल. तिला शेगडीपाशी बसवणार नाही, नुसती वाढायला उभी राहिली तरी पुष्कळ. केवळाबाई एकटी तळणाला पुरत नाही. झालं गेलं गंगेला मिळालं म्हण आणि पाठव.

तुझ्या मायेची वाट बघणारी,
आक्का


देगलूर,
२४ मार्च २०२५

ती. आत्यांस आरतीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांनी मला वाचायला दिलं. ते उत्तर लिहिणार होते, मीच थांबवलं. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या.

हरिओम मागच्या रविवारी येऊन गेले. जेवले, माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले की आईला फार लागलंय, तिला आता कुणी काही बोलायला नको. मी त्यांना विचारलं की मी फोन बघत नव्हते, हे तुम्ही एकदा तरी कुणाला सांगितलं का. त्यांनी चपला घातल्या. मग त्यांना बस गाठायची होती.

पाणी टाकलंत याचा मला राग नाही. घाबरलेला माणूस पाणीच टाकतो. मी परत येणार नाही ती यासाठी नाही, आणि चार जणांत काय बोललात त्यासाठीही नाही. त्याचं फार वाईट वाटलं, रडलेही, पण तेवढ्यावर मी आले असते.

बाबांना हे मी सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते. ती गाठ मला सुटत नव्हती हे खरं. पण मागच्या फळीवर विळी होती. एका झटक्यात दोरा कापून पिन ओढता आली असती. बाबांनी सगळं शिकवलं होतं. विळीकडे माझा हात गेलाही होता. पण तुम्ही सांगेपर्यंत हात लावायचा नाही म्हणाला होतात, म्हणून मी थांबले आणि बाहेर तुमच्याकडे बघितलं. कढई पेटलेली, आणि मी तुमच्या हो म्हणण्याची वाट बघत उभी! तुम्ही वाढत होतात, तुमचं लक्षच नव्हतं. तेवढा वेळ गेला. मग मी झाकण शोधलं, तोवर तुम्ही आत आलात.

लग्नाआधी मी तुम्हाला अगं आत्या म्हणायचे, भांडायचेसुद्धा. त्या घरात आल्यापासून मी किती बदलले हे मला त्या जाळासमोर कळलं. मी परत आले तर पुढच्या वेळीही आधी तुमच्याकडेच बघेन. म्हणून येत नाही.

आता त्या शेगडीपाशी केवळाबाई असेल. तिला अजून कुणी काही दाखवलं नसेल. ते नळकांडं भडक्यात कामातून गेलं, नवीन आणाल तेव्हा तिच्या हाताने पिन काढून-घालून घ्या, आणि तिला सांगा की आग दिसली तर कुणाला विचारायचं नाही.

लोभ असू द्या, पण आता लांबूनच.

आपली,
आरती