राघोचा पाय आणि माझे लेक्चर

ता. ४ फेब्रुवारी १८८९, सोमवार. कल्याण.
वाचनालयात 'हाडांची निगा' या विषयावर माझे लेक्चर ठरले. अध्यक्ष अण्णा वकील. कल्याणात हाडांवर बोलू शकेल असा डॉक्टर मीच. मुंबईची शेवटची परीक्षा राहिली खरी, पण ती तापामुळे. संकल्प: फळीवर निजणे, पाठ ताठ ठेवणे. जो उपदेश लोकांना, तो आधी स्वतःला.

ता. ५.
फळीवर निजलो. पाठ धरली. डॉक्टरच आखडला तर पेशंटांचे नुकसान, सबब गादी. आमच्या कुटुंबास, गोदास, सांगितले की डोक्यावरून हंडा आणल्याने मानेचे मणके दबतात. मग पाणी कोण आणणार, असे तिने विचारले. बायकांना शास्त्र समजावणे कठीण.

ता. ९, शनिवार.
उत्तम केस. मिठागरावर काम करणारा राघो बांधावरून घसरला, नडगी मोडली. त्याची बायको ठमाबाई आणि गाववाले डोलीत घालून घेऊन आले. फळ्या लावून बँडेज करकचून आवळले. राघो ओरडला, म्हणजे हाड जाग्यावर बसले. सूचना दिल्या: पट्टी सोडणे नाही, तेल चोळणे नाही, कुरकुर नाही. लेक्चराच्या दिवशी याला लोकांसमोर चालवून दाखवीन.

ता. ११.
ठमाबाई आली. पाय सुजला, राघो विव्हळतो म्हणे. सूज म्हणजे रक्त हाडाच्या मदतीस धावते आहे, असे समजावले. वाक्य छान जमले. लेक्चरात घातले.

ता. १२.
पुन्हा ठमाबाई. बोटे गार पडली म्हणे. घोंगडी घाला म्हटले. एवढ्या लांबून चालत येते, तेव्हा चालणे हाडांस हितकारक, हेही सांगितले. गोदा म्हणाली, एकदा जाऊन पाहून या. गेलो असतो, पण खाडीच्या वाटेवर चिखल. शिवाय पाठ.

ता. १४.
आता बोटे काळी पडली म्हणते. जन्मभर उन्हात मीठ ओढणाऱ्याची बोटे गोरी कशी असतील? पट्टी जरा सैल करा, म्हणून हात जोडत होती. एकाची सैल केली की सगळे मागतील. ती उंबऱ्यापाशी बसून राहिली. मी लेक्चराची तालीम करत होतो, तिला सगळे ऐकायला मिळाले. फुकटात.

ता. १६.
वास येतो म्हणते. उद्या येतो, असे स्पष्ट सांगितले.

ता. १७.
अण्णांकडे जेवण. जाणे झाले नाही.

ता. १८.
गेलो. जोडे खराब झाले. झोपडीला कडी. शेजारीण म्हणाली, राघोला आगगाडीने ठाण्याला नेला. मला विचारलेदेखील नाही.

ता. २२.
ठाण्याच्या साहेब डॉक्टराने राघोचा पाय मांडीपासून कापला. या लोकांना कापण्याची घाई फार. आत हाड जुळत आले असणार, आता कोण पाहणार? राघो मात्र वाचला. मुळात प्रकृती मी चांगली राखली होती म्हणून. गोदा बोलत नाही. बहुधा मान अवघडली.

ता. ३ मार्च, रविवार.
लेक्चर झाले. मंडळी बरीच. ताठ बसावे, ताठ चालावे, ओझे दोन्ही अंगांनी सारखे वाहावे, सगळे मुद्दे आले. शेवटी अण्णांनी शंका विचारा म्हटले, तर दारात ठमाबाईच उभी राहिली. ती आत कशी आली, कळत नाही. म्हणाली, "एका पायाचे मानसान कसा चालाचा, त्या पन सांगा."
मी गांगरलो नाही. बगलेत काठी घ्यावी, छाती पुढे काढावी आणि पाठ ताठ ठेवावी, असे सविस्तर सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि गेली. टाळ्या झाल्या नाहीत. लोक विचारात पडले होते. अण्णा आभार न मानताच निघाले, त्यांना काम असावे.

ता. ११.
आठवडाभर डिस्पेन्सरीत कोणी नाही. उपदेश लागू पडला, गावात हाडे मोडेनाशी झाली. लेक्चर छापून काढावे म्हणतो.

ता. १४, गुरुवार.
आमची जया ओट्यावरून पडली. हात मनगटाच्या वर वाकडा झाला. साधे फ्रॅक्चर, माझ्या हातचे. पडली तेव्हा पोर रडली नव्हती. मी फळ्या आणि बँडेज घेऊन बाहेर आलो, तेव्हा किंचाळून आईच्या पदरात शिरली. मी म्हटले, अगं, मी बाप आहे, डॉक्टर आहे. गोदाने आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुम्ही हात लावू नका."
जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून तिने जयाचा हात गळ्यात बांधला आणि पोरीला कडेवर घेऊन स्टेशनाकडे निघाली. मी मागोमाग. वाटेत समजावत होतो, ती थांबली नाही. ठाण्याची गाडी उभीच होती. दोघी बायकांच्या डब्यात चढल्या. मी खिडकीशी गेलो. जयाला म्हटले, पाठ ताठ ठेवून बस. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. घाईत फळ्या बरोबरच आणल्या होत्या.
त्या पाठीमागे धरल्या. गाडी सुटेपर्यंत तसाच उभा राहिलो.