एका हाकेची पावलं

२७ मार्च २०१७, सोमवार
आले बाई एकदाची सालेकशाला! गोंदियाहून गाडीत बसलं की हे आलंच, पण जंगल काय दाट आहे. वनरक्षक म्हणून ही माझी पहिलीच बीट, आणि क्वार्टर चक्क पक्कं. पुढचं दार रस्त्यावर, मागचं परसात, परसापलीकडे रूळ आणि मग जंगल. शेजारच्या सुखवंताबाईंनी आल्या आल्या भात आणि लाखोरीची डाळ आणून दिली. नवऱ्याला, भुवनेश्वरला, फोन करून सांगितलं, ऐश आहे माझी. सुट्टी मिळेल त्या शनिवारी येतो म्हणाला.

२९ मार्च
मोहफुलांचा सीझन आहे. पहाटे सगळं गाव जंगलात, आणि अस्वलंही तिथंच. कोण परतलं, कोण नाही, कोणालाच पत्ता नसतो. म्हणून व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. आधीच्या गार्डाकडचे सगळे नंबर टाकले. लिहिण्याची कटकट नको म्हणून निघताना पावलांचं चित्र पाठवायचं, परतल्यावर घराचं. मी अंगठा टाकेन, म्हणजे पाहिलं. आमचा वनमजूर दुधराम म्हणाला, हे तं बेस झालं मॅडम. आहेच मुळी! भुवनेश्वरलाही फोनवर चित्रांची ही खूण सांगितली.

३१ मार्च
डोकं उठलं! जो तो प्रत्येक चित्र दोनदा पाठवतो. पावलं, पावलं. घर, घर. दिवसभर फोनची टणटण. सुखवंताबाईंना विचारलं, काऊन हो दोनदा? त्या म्हणाल्या, जंगलातून एकच हाक आली तं आमी ओ देत नाही. माणूस दुसऱ्यांदा हाक मारते, ते मारत नाही. ते म्हणजे कोण, हे काही सांगितलं नाही. मला हसूच आलं. फोनला कसली आलीय हाक! ग्रुपवर ठणकावलं, एकदाच पाठवा. गावानं निमूट ऐकलं.

३ एप्रिल, सोमवार
सकाळी एका बिननावाच्या नंबरवरून पावलं आली. चहा पिता पिता अंगठा दिला. संध्याकाळ झाली तरी घराचं चित्र काही येईना, म्हणून दुधरामला नंबर दाखवला. त्याचं तोंडच उतरलं. बकारामचा नंबर म्हणे. मागच्या वर्षी मोहफुलं वेचायला जंगलात गेला तो आलाच नाही, मोबाईल खिशातच होता. मी म्हटलं, कोणाला सापडला असेल. त्यानं विचारलं, तुमी अंगठा तं नाही ना देल्ला? दिला म्हटल्यावर चहा तसाच ठेवून गेला.

४ एप्रिल
सकाळी त्याच नंबरवरून पावलं आणि झाड. वात्रटपणा नुसता! ग्रुपमधून काढून टाकला. दुपारी मला थेट आलं. पावलं आणि आगगाडी.
झाडांकडून रुळांपर्यंत आलंय. त्या झाडांत रेंज नसते, मी स्वतः फिरले आहे.

५ एप्रिल
नंबर ब्लॉक केला. तरी आलं. कुत्रा.
सुखवंताबाईंचा कुत्रा माझ्या परसात झोपतो. सकाळपासून दिसत नाही.
त्या आल्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, जो ओ देते त्याच्याच घरी येते ते, आपल्याच माणसाच्या आवाजात. एकच माणूस दोनदा हाक मारल्याबिगर कडी काढू नका.
मला भीती वाटते आहे. लिहूनच टाकते.

७ एप्रिल
चित्र आलं. दार.
भुवनेश्वरला फोन केला, येऊ नको. पागल झाली का म्हणाला, उद्या येतोच. निदान दारात दोनदा हाक मार, माझी शपथ आहे. हो हो म्हणाला, खूप हसला. मग अंगठा पाठवला.
एकच.

८ एप्रिल, शनिवार, दिवेलागण
गाडी येऊन गेली. तो अजून नाही. सुखवंताबाईंना ओरडून बोलवावं, तर तोंड उघडायची हिंमत नाही. मी आवाज केला आणि तीच ओ ठरली तर—

फोन वाजला. भुवनेश्वर. घराचं चित्र.
लगेच दुसरं. बकारामचा नंबर. घर.
दोन्ही एकेकदाच—

त्याला फोन लावते आहे. लागत नाही.

पुढच्या दारातून हाक आली. माझंच नाव, रविता. त्याचाच आवाज, थकलेला. कडीला हात घातला आणि थांबले. अजून एकदा, भुवनेश्वर, एकदा मार ना रे—

आली! देवा, दुसरी हाक आली!

पण मागच्या दारातून.

आवाज तोच. तसाच थकलेला. चेष्टेखोर आहे मेला, मागून फिरून आला असेल. की पुढेच उभा आहे आणि मागे ते—

आता दोन्हीकडे चुप. दोघंही वाट पाहून राहिले. बाहेर अंधार पडतोय आणि माझा माणूस त्याच्यासोबत बाहेर आहे. एक दार तर उघडावंच लागेल. पुढचं की—