पान उलटलं तेव्हा

प्रिय धाकट्या,

हे पत्र तू लेकीकडून वाचून घेतलंस तरी चालेल. सुटंसुटं लिहिते आहे. ओळी तिरक्या गेल्या असतील, एखादा शब्द दोनदा पडला असेल, तर सांभाळून घे.

दीड महिन्यापूर्वी सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि मला वाटलं, पेपरवाला चुकून दुसऱ्याच भाषेतलं टाकून गेलाय. चष्मा पुसला, दिव्याखाली जाऊन बसले. अक्षरं स्पष्ट दिसत होती, पण एकही ओळखीचं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत बारीकशी गुठळी झाली. बोलणं शाबूत, हात शाबूत, लिहिताही येतं. फक्त वाचणं गेलं. मी म्हटलं, "लिहिता येतं तर वाचता कसं येत नाही?" ते म्हणाले, "दोन्हींचे रस्ते वेगळे असतात, बाई." तीस वर्षं शिक्षकांना वाचन शिकवायला शिकवलं, आणि आता स्वतःच लिहिलेली ओळ मला परकी. वर काय लिहिलं ते आठवेल तेवढंच माझं.

आठवड्यातून दोनदा एक मुलगी येते, वाचा-उपचार करणारी. पुठ्ठ्यावरची अक्षरं समोर धरते. 'घ' आणि 'ध' माझ्यासमोर येतात आणि मला घाम फुटतो. ती म्हणते, "सावकाश, घाई नाही." परवा 'ध्वनिभान' म्हणजे काय, ते ती मला समजावून सांगत होती. शब्दातले आवाज सुटे करून ऐकता येणं. वाक्य कानाला ओळखीचं वाटलं. शिक्षकांसाठी मी संज्ञांची पुस्तिका लिहिली, तिच्यातलंच होतं ते.

ती गेल्यावर तू डोळ्यांसमोर आलास. आठ वर्षांचा, भिंतीला पाठ लावून. बाबांनी तुझा अभ्यास माझ्यावर सोपवला होता आणि मी तेरा वर्षांची, अंगात मास्तरीण शिरलेली. तुझी मात्रा निसटायची, जोडाक्षर आलं की तू खाली बघायचास, आणि मी पट्टी उचलायची. मग अचानक तू धडाधड वाचायला लागलास. घरात सगळ्यांना आनंद झाला, एक मी सोडून. मला संशय आला. पाहुणे बसले होते तेव्हा तुला वाचायला बसवलं आणि मध्येच तुझ्यासमोरचं पान उलटलं. तू मागच्याच पानावरचा मजकूर म्हणत राहिलास, नव्या पानावर बोट फिरवत. सगळे हसले. बाबाही. मी तुला 'ढ' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ते शाळेत पोचलं. तेवढं एक अक्षर तू कधी चुकला नाहीस; तुझ्या दप्तरावरच पोरांनी ते लिहिलं होतं.

अख्खं पुस्तक तू नुसतं ऐकून पाठ केलं होतंस रे. ठोंब्या पोराला जमतं का ते? हे मला कळायला चाळीस वर्षं लागली, आणि कळलं तेही कामाच्या निमित्ताने. पुस्तिकेत मी लिहिलं, 'वाचन-अक्षमता : बुद्धी, दृष्टी आणि श्रवण ठीक असूनही लिखित शब्द ओळखण्यात सतत येणारी अडचण.' लिहिताना तूच समोर होतास. त्याच दिवशी उठून तुझ्याकडे यायला हवं होतं. मी दुसरी संज्ञा लिहायला घेतली.

आणि मग तो कार्यक्रम. पुस्तिका निघाली म्हणून तुला आग्रहाने बोलावलं. तू फरशीचं काम अर्धवट टाकून, नखांतलं सिमेंट घासून काढून आलास, शेवटच्या रांगेत बसलास. मी भाषण रंगावं म्हणून पान उलटल्याची गोष्ट सांगितली. 'माझ्या ओळखीचा एक मुलगा' असं म्हणून. सभागृह हसलं. मी वर पाहिलं तेव्हा तू दाराशी पोचला होतास, आणि मी पुढचा मुद्दा घेतला. त्याला नऊ वर्षं झाली. तू भांडला असतास तर बरं झालं असतं. सगळ्या संज्ञा पाठ होत्या मला. मीही तेव्हा नुसतं पाठांतरच करत होते.

डॉक्टर म्हणतात, फार आशा धरू नका. घरभर पुस्तकं आहेत. मी त्यांच्याकडे पाठ करून बसते. औषधाच्या बाटल्यांना शेजारीण रंगीत दोरे बांधून गेली आहे. काल दुकानातल्या माणसाने पावती पुढे केली आणि मी वाचल्यासारखं करून मान हलवली. तू आयुष्यभर किती वेळा अशी मान हलवली असशील?

आता खरं ते सांगते. पंधरा दिवसांपूर्वी एक पाकीट आलं. आतल्या कागदाला मागून हात लावला तर अक्षरं बोटांना लागली, इतकं दाबून तू एकटाच लिहितोस. माझ्या दुखण्याचं तुला कुणी सांगितलं, की हे ठाऊक नसतानाच तू लिहिलंस, मला माहीत नाही. अर्धा तास बोटाने गिरवून पहिला शब्द लागला : ताई. पुढचं लागत नाही. दोन पानं आहेत. शेजारीण वाचून दाखवते म्हणाली, मी नको म्हटलं. त्यात शिव्या असतील तर त्या तुझ्याच तोंडून ऐकायच्या आहेत. फोन करायचं धाडस नाही, म्हणून लिहिते आहे. येशील असं खरंच वाटत नाही. पण आलास, तर समोर बसून ते मला वाचून दाखव. अडलास तर मी गप्प बसेन.

तुझीच,
ताई