ऑर्गन जुळवायला दोघे लागतात

मी, प्रार्थनामंदिरातला ऑर्गन सांभाळणारा, वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत झाले तेवढेच. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. देवावर भरवसा आहे, तरी कागद केलेला बरा. डोके ठिकाणावर असताना, कोणीही भरीस न घालता, हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोक्याबद्दल पत्नीचे मत वेगळे आहे.

घर व बँकेतली शिल्लक पत्नीची. माडीवरची खोली धाकट्या भावाला, तो हयात असेपर्यंत. जिना स्वयंपाकघरातूनच जातो, त्याला माझा इलाज नाही.

अडचण अशी, की हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. पत्नी ऑर्गन वाजवते, भाऊ सुतारकाम करतो. माझ्या मेहुणीच्या लग्नात ती वाजवत असताना तो सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, लग्न आहे, मयत नव्हे! जरा हात उचला." तेव्हापासून निरोप माझ्यामार्फत.

"तुमच्या भावाला सांगा, जेवण वाढलंय." भाऊ समोरच बसलेला असतो.

"दादा, त्यांना सांग, मीठ कमी आहे."

मी तोंड उघडण्याआधीच मीठ येते, जरा आपटून.

माझी हत्यारे व ऑर्गनच्या नळ्यांच्या खोलीची किल्ली भावाला, एका अटीवर: सूर जुळवताना बाहेर पट्ट्यांपुढे पत्नीनेच बसावे. भात्यातली हवा नळ्यांखालच्या पेटीत कोंडलेली असते. पट्टी दाबली की झडप उघडते आणि त्या सुराची नळी बोलते. बाहेरच्याने पट्टी धरून ठेवायची, आतल्याने नळीच्या टोकाची कडी हलकेच ठोकून वरखाली करायची. एकमेकांचे तोंड दिसत नाही, त्यामुळे ओरडूनच सांगावे लागते. निरोप्याला मध्ये जागा नाही. आत रागाने जाऊ नये. अंगाच्या उबेनेसुद्धा नळ्यांचा सूर चढतो.

काल ही अट दोघांना वाचून दाखवली.

"आत मावतील का, ते विचारा आधी," पत्नी म्हणाली.

"म्हणावं, मावतो," भाऊ म्हणाला.

आज सकाळी दोघांना कामाला बसवले. डॉक्टरांनी मला बोलायची मनाई केली आहे, असे सांगून मी बाकावर आडवा झालो. मनाई फक्त ओरडण्याची आहे. देव समजून घेईल. बराच वेळ एकच सूर भोकाड पसरून होता. शेवटी आतून हाक आली, "वहिनी, पुढची!"

पत्नीने पट्टी सोडली नाही.

"अजून चढलेलाच आहे, भावजी. नीट ऐका."

सबब, सदर अट मी हयात असतानाही लागू राहील.

स्थळ: प्रार्थनामंदिर, मागचा बाक
दिनांक: आज, शनिवार
लिहून ठेवणार: (सही)
आमच्यादेखत सही केली म्हणून साक्षीदार:
१. येथील धर्मगुरू (सही)
२. शेजारचे शिंपी (सही)